देवघरातली वेबसाइट

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी आधी माझा फोन मागितला. मला वाटलं, नंबर लिहून घ्यायचा असेल. त्यांनी तो तसाच आत नेला, तांदळाच्या डब्यात टाकला, वर झाकण दाबून बसवलं आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले.

"हां. आता बोला. आपण कोण, कुठल्या, आणि खोली आमच्याकडेच का पाहिजे?"

मी फलटणकडची. कृषी सहायक म्हणून माझी मालवण तालुक्यात बदली झाली होती. भात, काजू, आंब्याच्या बागा फिरून बघायच्या, शेतकऱ्यांना योजना समजावून सांगायच्या, हे माझं काम. तारकर्लीच्या अलीकडे रस्त्यावर एक चहाची टपरी आहे, तिथे कुणीतरी सांगितलं की पुढच्या घरी वरची खोली रिकामी आहे. मी हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहावाल्याने सांगितलं? त्यात त्याचा काय फायदा?"

मी त्यांना काका म्हणायची. सुरुवातीला ते माझ्याशी इतकं शुद्ध मराठी बोलायचे की मला तो त्यांचा सभ्यपणा वाटायचा. शेजाऱ्यांशी, मासेवालीशी, मांजराशीसुद्धा ते मालवणीत बोलत, माझ्याशी मात्र 'आपण' आणि 'कृपया'. पुढे लक्षात आलं की हा माणूस संशय आला की शुद्ध मराठीत जातो. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाशी ते एखाद्या निवेदकासारखे बोलत. एका पावसाळी सकाळी मी स्कूटर काढत होते, तेव्हा त्यांनी ओसरीवरून हाक मारली, "गो, रेनकोट घेतलंस मां?" त्या दिवशी मी त्या घरातली झाले.

काका पोस्टातून निवृत्त झालेले. पोस्टात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे कपाळाला हात लावून बसले आणि हे रात्रशाळेतल्या पोरासारखे शिकले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बेळगावला. दुकानात बिलासाठी फोन नंबर मागितला की ते वस्तू परत ठेवून घरी येत. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता आणि तोही ते फार कमी उचलत. "कोण बोलता तां दिसणा नाय. मगे बोलूचा कित्या?"

आणि या माणसाची स्वतःची वेबसाइट होती.

वेबसाइट देवघरात राहायची, हे मी शब्दशः सांगते आहे. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी अशी एक काळी पेटी, म्हणजे साइट चालवणारा छोटा कॉम्प्युटर, देवघराच्या कोनाड्यात, गणपतीच्या शेजारी ठेवलेली. इन्व्हर्टरची वायर तिथपर्यंतच पोचत होती, एवढंच त्याचं कारण. पण समईजवळ तो हिरवा दिवा लुकलुकताना बघून गावात कुणी म्हणे काका त्या पेटीची पूजा करतात, कुणी म्हणे त्यात कॅमेरा आहे. साइटचं नाव त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं होतं आणि दरवर्षी मुदत संपायच्या कितीतरी आधी काका ते नवं करून ठेवत. वीज फार वेळ गेली आणि इन्व्हर्टरही बसला, की काका फाटकावर एक पाटी लावत: 'वीज नाही. संकेतस्थळ बंद. चौकशी करू नये.' चौकशी कुणीच करत नसे.

साइटवर काय होतं? वाऱ्यांची नावं. माशांची नावं. समुद्रातल्या कुठल्या खडपाला, म्हणजे खडकाला, कोण काय म्हणतं, कुठल्या वळणाला कुणाचं नाव का पडलं. पेजेबरोबर कुठलं लोणचं खावं. यातला मोठा भाग असा होता की वाचणाऱ्यालाही त्यात लिहिता येईल, चुकलेलं दुरुस्त करता येईल. अशा साइटला विकी म्हणतात हे मला माहीत होतं. काका तिला ओसरी म्हणत. "घर माझां. ओसरी सगळ्यांची. कोणीय येवचां, बसाचां, सांगाचां."

येत मात्र कुणी नसे, कारण लिहायचं असेल त्याने आधी काकांसमोर येऊन बसायचं, काका त्याची कसून चौकशी करणार, मग कागदावर पासवर्ड लिहून दाखवणार, पाठ झाला का विचारणार आणि कागद चुलीत टाकणार. मी तो पाठ केला आणि काजूच्या मोहोरावर चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "हे आपल्याला कोणी लिहायला सांगितलं?"

एकदा मी त्यांना म्हटलं, एवढा खटाटोप कशासाठी? सगळं गाव मोठ्या साइटवर आहे, फुकट आहे, सोपं आहे. तेव्हा त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले की पूर्वी तेही अशाच एका फुकटच्या जागी लिहीत. बायको जात्यावरच्या ओव्या म्हणायची, ते शेजारी बसून टाइप करायचे. ती गेली. पुढे त्या कंपनीने ती सेवाच बंद केली. आधी कळवलं होतं म्हणे, इंग्रजीत, न बघितलेल्या कुठल्यातरी ईमेलच्या पत्त्यावर. काकांनी उघडून बघितलं तेव्हा तिथे काही नव्हतं.

"दुसऱ्याच्या भिंतीर कितीय चित्रां काढलंस, तरी भिंत तेचीच रवतली गो," ते म्हणाले. ओव्यांतली एकही त्यांना धड आठवत नव्हती.

गावाचं पान त्या मोठ्या साइटवर होतं आणि ते चालवायचा बाबल. बाबलचा होमस्टे होता, एक बोट होती, आणि माणूस हसरा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. जत्रेचे, लग्नांचे, नव्या होडीच्या पूजेचे, दहावीच्या निकालाचे, सगळे फोटो त्या पानावर. देवबागपर्यंतच्या होमस्टेवाल्यांना त्यावरूनच गिऱ्हाईक मिळायचं. काका दिसले की बाबल मुद्दाम हाक मारायचा.

"काका, तुमच्या सायटीर आज कोण इलो?"

"तू तुझा बघ. एक दिवस दार लागतला आणि चावी तुझ्याकडे नसतली."

हे ते सगळ्यांदेखत म्हणत. गणपतीत म्हणाले, ग्रामसभेत म्हणाले, एकदा कुणाच्या बाराव्याला जेवणाच्या पंगतीत म्हणाले.

म्हणून एका रविवारी दुपारी मी जे बघितलं त्याने चमकले. भाडं द्यायला खाली गेले होते. काकांच्या लॅपटॉपवर बाबलचं पान उघडं होतं. काका एकेक फोटो उघडत होते आणि आपल्याकडे उतरवून घेत होते. माझी चाहूल लागताच त्यांनी झाकण मिटलं.

"काका, हे गावचं पान ना?"

"आपला काय संबंध?" ते म्हणाले.

मी वर आले. पण ते मनातून जाईना. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. जो माणूस त्या जागेचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो, तो दार लोटून गावाचे फोटो गोळा कशासाठी करतोय? लोकांवर इतका संशय घेणाऱ्या माणसावर आपणही संशय घ्यावा की नाही, हे मला ठरवता येईना.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर पान गेलं. सकाळी त्यावर कुठल्याशा परक्या लिपीत घड्याळांच्या जाहिराती दिसल्या, दुपारी बाबललाच आत शिरता येईना, संध्याकाळी पान नाहीसं झालं. बुकिंगच्या चौकशा थांबल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून टपरीवर, बंदरावर, एसटीत एकच बोलणं: काका म्हणत होते ना, जाणार म्हणून? त्यांना कसं माहीत? कॉम्प्युटरातलं गावात आणखी कुणाला कळतं?

देवळाच्या मंडपात सभा भरली. सरपंचबाई होत्या, होमस्टेवाले होते, काकांना बोलावणं गेलं होतं. मीही गेले.

"काका," बाबल म्हणाला. त्याचा हसरा चेहरा त्या दिवशी उतरला होता. "तुमी म्हणत होतात, ह्यां जातला. तुमका कसां म्हायत?"

"मला माहीत नव्हतं. मी शक्यता वर्तवली होती."

त्या शुद्ध मराठीने लोक आणखी बिथरले. कुणीतरी मागून म्हणालं की सरळ पोलिसांत नाव द्या. सरपंचबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी वरच रवतात. तुमी काय बघलात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, काका सोडून. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात खांबाआडून सुलूकाकी बोलली. तिचा नवरा दशावतारात राजाचं काम करायचा. मागच्या वर्षी तो वारला.

"माका बुकिंगाचा काय नाय," ती म्हणाली. "माझ्या घोवाचो शेवटचो इडिओ त्येच्यात होतो. माझो मोबाईल बिघाडलो तेव्हा बाबल म्हणालो, काकी, भिया नको, पानार आसा. आता मी तेका खंय बघू?"

काका उठले. आता गप्प राहिले असते तर त्या दिवशी तरी सुटले असते. त्यांच्याविरुद्ध कुणाकडे काही नव्हतं.

"सुलू," ते म्हणाले, "तो खंय जावक नाय. माझ्याकडे आसा."

मंडपात एकच गलका झाला. बघा! हेच ते! मीच बोललो होतो! काका त्या गर्दीतून वाट काढत चालायला लागले, मागे सुलूकाकी, आणि तिच्यामागे सगळी सभा.

मी राहत होते त्या काळात काकांच्या घरात इतकी माणसं कधी आलेली मी बघितली नव्हती. देवघर असल्यामुळे सगळ्यांनी बाहेर चपला काढल्या. भांडायला आलेली माणसं दाराशी नकळत हात जोडून उभी राहिली. काकांनी लॅपटॉप पाटावर ठेवला. कुणीतरी जत्रेत फोनवर घेतलेला व्हिडिओ होता तो, समोरच्याचं डोकं मधे येत होतं. हार्मोनियम वाजत होती, पखवाज वाजत होता आणि सुलूकाकीचा नवरा मुकुट घालून राक्षसाला दरडावत होता. दरडावता दरडावता त्याने मधेच गावच्या फुटलेल्या रस्त्यावरून सरपंचांना टोला हाणला. व्हिडिओतले लोक हसले. घरातले लोकही हसले, सरपंचबाईसुद्धा. सुलूकाकी पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

व्हिडिओ संपल्यावर बाबलने विचारलं, "तुमच्याकडे कसो इलो?"

"उतरवन घेतलंय. सगळांच उतरवन घेतलंय."

"कोणाक इचारून?"

काका लॅपटॉप मिटून ताठ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार गेली.

पोलीस आले ते बिचारे अदबीने वागले. चपला काढून देवघरात गेले, पेटी टॉवेलात गुंडाळली, लॅपटॉप घेतला. काकांनी पंचनामा नीट वाचला आणि त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त करून मगच सही केली. ते गेल्यावर फाटकावर पाटी लागली: 'संकेतस्थळ पोलिसांकडे आहे. चौकशी तिकडे करावी.'

ते आठवडे वाईट गेले. मासेवाली फाटकावर थांबेनाशी झाली, मग मीच मालवणच्या बाजारातून बांगडे आणायची. देवघरातला कोनाडा रिकामा दिसे. एका संध्याकाळी काका म्हणाले, "तुका पण वाटता मां, मीच केलंय?"

"तुम्ही फोटो उतरवून घेताना मी बघितलं होतं, काका."

"उतरवन घेवचा म्हणजे चोरी न्हय."

"मग लपून का करत होता?"

"बाबल हसलो आसतो," ते म्हणाले. "इतकी वर्सां तेका नावां ठेवलंय. आणि आता थंयसरच जावन बसतंय म्हटल्यार..."

यावर मी हसले. पण माझा संशय पुरता गेला होता असं म्हणता येणार नाही.

बाबल आला तो भर दुपारी. फाटकाबाहेर उभा राहिला, आत येईना. काकांनी ओसरीवरूनच विचारलं, "काय काम आहे?"

"काका, ता माझ्याकडसूनच झाला." मग त्याने सांगितलं. पानाच्या नावापुढे खरेपणाची निळी खूण देतो म्हणून एकाचा फोन आला होता. गोड बोलणारा माणूस. त्याने मोबाईलवर आलेला कोड विचारला, बाबलने वाचून दाखवला. काय झालं ते त्याला त्याच दिवशी उमगलं होतं. पण सगळ्या होमस्टेवाल्यांचा हंगाम त्याच्या हातून गेला होता, आणि लोक आपोआपच काकांचं नाव घेत होते. पोलिसांनी खोदून विचारलं तेव्हा तो बोलला.

काकांनी डोळे बारीक केले. "हे तू मला आत्ता का सांगतोयस? पोलिसांनी पाठवलं?"

"नाय."

"सरपंचांनी?"

"नाय, काका. बायलेन. म्हणाली, आधी जावन काकांका सांग, मगेच जेवक वाढतंय."

काका हसायला लागले. मी त्यांना असं पोट धरून हसताना पहिल्यांदाच बघत होते. "मगे येव भितर," ते म्हणाले. "हयच जेव."

माफी अशी गावातून कुणी मागितली नाही. मासेवाली परत थांबायला लागली, एवढंच. पेटी आणि लॅपटॉप परत आले, पेटी कोनाड्यात बसली, दिवा लुकलुकायला लागला. काकांनी बाबलला त्याच्या होमस्टेसाठी त्याचीच स्वतंत्र साइट करून दिली, आणि तिचं नाव बाबलच्याच नावावर घ्यायला लावलं. मग त्यांनी गावाचे सगळे फोटो साइटवरच्या ओसरीत मांडले. गाव पहिल्यांदा काकांच्या साइटवर गेलं. सुलूकाकी रोज राजाला बघायची. काका अंगणाला पाणी घालताना काहीतरी गुणगुणत असत.

आणि मग रेश्मा आली. देवबागची, बालवाडीत शिकवायची. स्कूटर उभी करून ती सरळ ओसरीवर आली आणि तिने फोन काकांसमोर धरला.

"ही तुमचीच वेबसाइट मां?"

"होय गो."

"ह्यो माझो फोटो. साखरपुड्याचो. तां लग्न मोडला. मी बाबलदादाक सांगान ह्यो फोटो पानारसून काढूक लावलंय, तेणां लगेच काढल्यान. मगे तुमच्याकडे कसो रवलो?"

काका गोंधळले. "त्याच्याआधी उतरवन घेतलेलंय."

"आता माझी दुसरीकडे सोयरीक जमलीहा. थंयच्या माणसांनी ह्यो बघल्यानी. काल तेंचो फोन इलो, वायच थांबया म्हणान." तिचा आवाज चढला नाही. "तुमी पोस्टात होतात म्हणतत. दुसऱ्याच्या नावाचा पत्र कधी आपल्या घराक नेलात?"

बाबलने 'कोणाक इचारून?' म्हणून हाच प्रश्न केला होता, तेव्हा काका ताठ उभे होते. आता ते खाली बसले. तिच्यासमोरच त्यांनी साइटवरून तो फोटो काढला. ते बघून ती निघून गेली. तिचं लग्न पुढे त्याच घरी झालं, पण तेव्हा ते होईल की नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी काकांनी गावाचे सगळे फोटो साइटवरून काढून टाकले. दोन दिवस ते जेवायलाही धड बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप नारळाच्या पिशवीत घालून माझ्यापुढे उभे राहिले. "गो, स्कूटर काढतंस?"

मग आम्ही सुट्टीच्या दिवशी घरोघर जायला लागलो. काका अंगणात उभे राहून फोटो दाखवत. ह्यो तुमचो. ठेवू की काढू? कुणी चहा दिला, कुणी दारातूनच विचारलं, "आता ह्यां काय नवीन काढल्यात?" एका म्हाताऱ्याने आपला फोटो काढून टाकायला लावला, कारण त्यात शर्ट जुना होता. तो आत जाऊन नवा शर्ट घालून आला आणि म्हणाला, आता घ्या. एका बाईने होडीच्या पूजेच्या फोटोतल्या प्रत्येकाचं नाव सांगितलं, कोण कुणाचा कोण ते सांगितलं, आणि काकांनी तिला तिथेच पासवर्ड दिला. कागद जाळायला चूल नव्हती, म्हणून त्यांनी तो तिच्याच हातात ठेवला. सुलूकाकी म्हणाली, राजा ठेवा, पण माझो रडतानाचो फोटो खंय असलो तर काढा. बरेच फोटो गेले. काका प्रत्येक वेळी त्या माणसाच्या समोर फोटो पुसत.

सगळ्यांत शेवटी आम्ही देवबागला रेश्माकडे गेलो. ती दारात उभी राहिली, या म्हणाली नाही.

"सायटीरसून काढलंय तां तू बघलंस," काका म्हणाले. "पण माझ्याकडे आजून दोन ठिकाणी आसा. ह्या लॅपटॉपात आणि ह्या डिस्कात. तुझ्यासमोर पुसूक इलंय."

ते पायरीवर बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला, फोटो दाखवला, पुसला. डिस्क जोडली, त्यातलाही दाखवला, पुसला. ती वाकून बघत होती.

"आणि खंय नाय मां?"

"नाय."

"कशावरून?"

काकांनी लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तां दाखवूक येणा नाय, गो," ते म्हणाले. "माझ्यार इश्वास ठेवचो लागतलो."

रेश्माने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आतून तिच्या आईने कोण आलंय म्हणून विचारलं.

"ठेवतंय," ती म्हणाली. "दुसरा काय करू?"

काका मान हलवून पायऱ्या उतरले. आम्ही अंगण ओलांडायच्या आत मागे कडी लागल्याचा आवाज आला.